भागीरथाबाईंची केस आणि राहून गेलेली इहीण

अंगण अर्धंच सारवलेलं होतं. तुळशीपासून गोठ्याच्या खांबापर्यंत शेणाचे गोल गोल हात उमटलेले, अजून ओले. खांबापासून फाटकापर्यंत कालचीच धूळ. मधोमध बादली, बादलीत पोतेरं. भागीरथाबाई मात्र कुठंच दिसेनात.

मी आपली शेजारधर्मानं पूजेचा प्रसाद द्यायला गेले होते. त्यांचे मालक नानाजी ओट्यावर पाय वर घेऊन बसले होते. खाली उतरावं तर ओल्या सारवणावर पाऊल उमटेल, आणि पाऊल उमटलं तर संध्याकाळी घरात काय उमटेल ते त्यांना ठाऊक होतं.

"बाई कुठी गेल्या?"

"कोर्टात."

"सारवण अर्धं टाकून?"

"वकिलाचा फोन आला. आज आखरी दिवस हाय म्हने. शेनाच्या हातानंच ऑटोत बसली." मग जरा थांबून हळूच म्हणाले, "वैनी, ते बादली बाजूले सरकवून देता का? मले उतराचं हाय."

मी प्रसाद ओट्यावर ठेवला आणि परत आले. भागीरथाबाईंनी जिथं बादली ठेवली तिथून ती हलवायची हिंमत आमच्या गल्लीत कोणाचीच नाही. नानाजींनी तर हलवायला सांगितलं, तेही आवाज खाली घेऊन.

भागीरथाबाईंची आमच्या फाट्यावर चहाची टपरी आहे. माहेर वैनगंगेच्या पलीकडलं, चामोर्शीकडलं. लग्न होऊन आल्या तेव्हा म्हणे अगदी मुक्या होत्या. हे नानाजी सांगतात. बाकी कोणाला तसं आठवत नाही. आता त्यांचा आवाज असा आहे की बस फाट्यावर न थांबता पुढं निघाली तर कंडक्टरच्या घंटीआधी ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो. आणि त्यांच्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलेलं: "मले मान्य नाई." रेशनच्या दुकानातला काटा मान्य नाही. पंचांगात एकादशी दोन दिवस दाखवली तर तीही मान्य नाही, "देवाले एक उपास पुरते, बाकीचा बामनाचा." त्यांची एकुलती एक मुलगी दिव्यानी पोटुशी राहिली तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी चैत्र संपता संपता बाळंत होईल असं सांगितलं. भागीरथाबाईंना ते मान्य नव्हतं. "पाडव्याच्या आंधी होते. पोट मी पाह्यलं, का तिच्या मशिननं?"

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. दिव्यानीचं माहेर म्हणजे सासरपासून दोन गल्ल्या. जावई गोपाल माजरीच्या कोळसा खाणीत कामाला, सुट्टीला तेवढा येतो. दिव्यानी सासूजवळ, म्हणजे कमळाबाईंजवळ असते. मुलीच्या सासूला आम्ही इहीण म्हणतो. दोन गल्ल्या का असेनात, इहिणीनं मानानं धाडल्याशिवाय मुलगी माहेरी येत नाही, आणि सातव्या महिन्यात ओटी भरून आणल्याशिवाय तर नाहीच नाही. भागीरथाबाईंनी खोलीला चुना मारून ठेवला होता. बाज विणून ठेवली होती. पोरगी येणार, तिच्या हातानं तिचं तेलपाणी करायचं, याच्यापुढं त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

पण मध्येच ग्रामपंचायतीची निवडणूक आली.

आमच्या वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव निघाली. फाट्यावरची बोरिंग वर्षभर बंद. भागीरथाबाई चहाचं पाणी शाळेच्या बोरिंगवरून डोक्यावर आणत होत्या. ग्रामपंचायतीत चकरा मारून मारून त्या कंटाळल्या होत्या. "सांगून होत नाई तं बसूनच करतो," म्हणाल्या आणि अर्ज भरला. दुसरा अर्ज भरला उर्वशीनं. ही तरुण, डी.एड. झालेली, मोबाइलवर फोटो टाकणारी. आणि तिसरा अर्ज, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, कमळाबाईंनी. का भरला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "इहीन उभी राह्यते तं मी का बसून राहू?"

चिन्हं वाटली तेव्हा पहिला घोळ झाला. भागीरथाबाईंना कपबशी पाहिजे होती. चहाच्या टपरीवाल्या बाईला कपबशीच पाहिजे ना! ती निघाली उर्वशीला. भागीरथाबाईंना शिट्टी, कमळाबाईंना इस्त्री. मतदान होईपर्यंत भागीरथाबाईंनी टपरीवर कपबशी काढली नाही. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात चहा. लोकांचे हात पोळले, पण उर्वशीचा प्रचार नको म्हणजे नको. प्रचार तसा दिवसाउजेडीच आटपायचा. नाल्याच्या वळणावर वाघ बसतो, त्यामुळं संध्याकाळनंतर कोणी घराबाहेर पडत नाही. आचारसंहिता कोणी मोडली असेल तर मला माहीत नाही, पण वाघाची वेळ कोणी मोडली नाही.

मतमोजणीला आम्ही पाच-सहा जणी तहसीलीत गेलो. कमळाबाईंना अकरा मतं. उर्वशी आणि भागीरथाबाई बरोबरीत. तिथल्या साहेबांनी पुन्हा मोजून पाहिलं, तरी बरोबरीत. मग ते म्हणाले, आता ईश्वरचिठ्ठी.

ते नाव ऐकून मी तिथंच हात जोडले. सरकारच्या कामात देवाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं होतं. दोन चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या, गर्दीतली एक लहान पोरगी बोलावली आणि तिला एक उचलायला सांगितलं. भागीरथाबाई डोळे मिटून महाकालीचा धावा करत होत्या. डोळे उघडले तेव्हा उर्वशीच्या गळ्यात हार पडला होता.

बाहेर आल्यावर बायकांनी त्यांना गाठलं. चिठ्ठी काढणारी पोरगी उर्वशीच्या नणंदेची. आणि दोन्ही चिठ्ठ्यांच्या घड्याही सारख्या नव्हत्या. उर्वशीची चौकोनी, भागीरथाबाईंची तंबाखूच्या पुडीसारखी गुंडाळलेली.

"मले मान्य नाई," भागीरथाबाई म्हणाल्या.

मी समजावून पाहिलं. "बाई, देवाचा कौल आहे तो."

"देवाचा कौल देवळात राह्यते, वैनी. तहसीलीत नाई. आन डब्यात देवानं हात घातला का? उर्वशीच्या भाचीनं घातला."

घरी येऊन दिवा लावला तर कोणासाठी लावावा हेच समजेना. देवाच्या बाजूनं लावावा की भागीरथाबाईंच्या? शेवटी दोन वाती लावल्या.

तर अशी ही केस. निवडणुकीच्या निकालावर कोर्टात जायचं तर थोड्या दिवसांची मुदत असते, आणि ती संपायला आली तरी वकील मिळत नव्हता. शेवटी मिळाला प्रफुल. नवीनच वकील झालेला, कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून बसणारा, बाईंच्या मावसबहिणीच्या नात्यातला. त्यानं शेवटच्या दिवशी सकाळी फोन केला, म्हणून ते सारवण अर्धं राहिलं.

संध्याकाळी बाई आल्या, बादली उचलली आणि उरलेलं सारवता सारवता मला सगळं सांगितलं. प्रफुलनं अर्ज लिहून ठेवला होता. प्रत्येक पानावर, प्रत्येक प्रतीवर सही करायची होती, आणि बाईंनी हात धुतला नव्हता. शेण आता वाळलं होतं, पण घाम आला की पुन्हा हिरवं व्हायचं. पानोपानी अंगठ्याचे डाग. निकालाच्या कागदावर तर असा डाग पडला की तिसरी ओळच झाकली गेली.

"मग वकिलानं विचारलं, उभं राह्यलेले कोन कोन होते? म्या सांगतलं, मी आन उर्वशी."

"आणि कमळाबाई?"

भागीरथाबाईंचा हात सारवताना थांबला. "वैनी, तुमी पोथी वाचता, तुमीच सांगा. इहिनीच्या घरी आपन लुगडं धाडतो. चोळी धाडतो. पोरगी धाडली. कोर्टाचा समन्स कोनी धाडते का? उद्या बेलिफ तिच्या दारात उभा राह्यला, तर ते माही पोरगी धाडन का माह्या घरी?"

मला ते पटलं. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच पटलं. इहिणीला कोर्टात खेचायची नाही, ही गोष्ट इतकी सरळ होती की तिच्यात चूक काय असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही.

पुढं माघ महिन्यात एका सकाळी मी दिव्यानीला बोरं द्यायला कमळाबाईंकडे गेले. सातवा महिना लागला होता, तिला आंबट खायची फार इच्छा. बघते तर कमळाबाईंच्या ओट्यावर नवी चटई, तांब्याभर पाणी आणि कमळाबाई ठेवणीतल्या लुगड्यात. कारण बेलिफ गावात येणार हे सगळ्या गावाला कळलं होतं, नोटिसा घेऊन.

तो आला सायकलवर. घामाघूम. कमळाबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, दिव्यानीला चहा ठेवायला लावलं. त्यानं चहा प्यायला, तोंड पुसलं आणि विचारलं, "बाई, उर्वशीताईचं घर कोनतं?"

"ते पुढच्या गल्लीत. आंधी माही नोटीस द्या ना."

"तुमची? नाव काय तुमचं?"

कमळाबाईंनी नाव सांगितलं. त्यानं पिशवीतले कागद उलटसुलट केले. "तुमचं नाव नाई यात."

"नीट पाहा, भाऊ. मी उमेदवार होती. इस्त्री."

"इस्त्री-बिस्त्री काई नाई बाई यात. एक उर्वशीताई, एक तहसीलीतले साहेब." तो उठला. "चहा मस्त होता."

कमळाबाई उठल्या. चटई गुंडाळली. दिव्यानी मला डोळ्यांनी खुणावत होती की काकू, आता पळा.

त्या थेट फाट्यावर गेल्या. मीही मागं मागं गेले. खोटं कशाला सांगू, मला राहवलं नाही.

टपरीवर तेव्हा चार माणसं चहा पीत होती. कमळाबाईंनी पदर कमरेला खोचला. "भागीरथाबाई, उर्वशीले नोटीस. सायबाले नोटीस. आन मले?"

भागीरथाबाईंनी गाळणी खाली ठेवली. "इहीनबाई, तुमाले कशी देऊ? तुमी घरच्या."

"घरची म्हनून बोलवाचं नाई का? लग्नात मानाचं लुगडं मले, आन गावभर समन्स वाटाची वेळ आली तं मी घरची?"

"समन्स म्हनजे मान होय का बाई?"

"सगळ्या गावात माहा अपमान झाला. बेलिफ माहा चहा पिला आन उर्वशीचं घर विचारलं! लोकं काय म्हनतीन? अकरा मतं पडले म्हनून हिशोबातही नाई? मी का तमाशा पाहाले उभी राह्यली होती?"

चहा पिणाऱ्यातला एक जण म्हणाला, "बाई, देवालेही केसमध्ये पार्टी नाई केलं. चिठ्ठी त्यानंच काढली होती."

"तू गप रे," दोघी एकदम म्हणाल्या.

मग कमळाबाईंनी जाहीर केलं. ओटीभरण होईल ते त्यांच्याच घरी. बाळंतपण होईल तेही त्यांच्याच घरी. "ज्या घरच्या कोर्टात मले जागा नाई, त्या घरी माही सून जात नाई." आणि निघून गेल्या.

भागीरथाबाईंचा चहा उतू गेला. त्यांचा चहा उतू गेलेला मी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्याच दिवशी त्या प्रफुलकडं गेल्या. "वकीलसाहेब, एक नाव जोडा. कमळा. माही इहीन."

प्रफुलचा पेन हातातून खाली पडला. "इहीन? तीही उभी होती?"

"होती ना. इस्त्री."

"बाई, तुमी तं मले दोघीच म्हनल्या होत्या!"

"कशी सांगू? इहिनीले समन्स धाडतो का कोनी?"

प्रफुलनं निकालाचा कागद काढला, शेणाचा डाग नखानं खरवडला आणि खालची ओळ वाचली. मग डोक्याला हात लावून बसला. त्यानं समजावून सांगितलं ते असं. नुसतं उर्वशीला काढा एवढंच मागितलं असतं तर वेगळी गोष्ट होती. पण बाईंनी मागितलं होतं की उर्वशीला काढा आणि तिच्या जागी मला बसवा. मग जेवढे उमेदवार होते तेवढे सगळे कोर्टापुढं पाहिजेत. एकही सोडता येत नाही. आणि मुदत तर केव्हाच संपली. आता नाव जोडायला अर्ज करता येईल, पण कोर्ट मान्य करेल याचा भरवसा नाही.

"पर प्रयत्न करतो," तो म्हणाला. चूक अर्धी त्याचीही होती, कागद नीट वाचायला पाहिजे होता. ते त्यानं बाईंपुढं कबूलही केलं. भागीरथाबाई त्याला रागावल्या नाहीत. यावरून त्या किती घाबरल्या होत्या हे मला कळलं.

तारखेच्या दिवशी सकाळच्या बसमध्ये भागीरथाबाई, नानाजी आणि मी बसलो. बस सुटायच्या वेळी कमळाबाई चढल्या, त्याच ठेवणीतल्या लुगड्यात. पुढच्या सीटवर आमच्याकडं पाठ करून बसल्या. नानाजींनी नमस्कार केला तर खिडकीला म्हणाल्या, "मी आपली पाहाले चालली. माहं नाव पुकारतेत का नाई ते."

कोर्टात पुकारा झाला. "भागीरथा नानाजी विरुद्ध उर्वशी..." कमळाबाई बाकाच्या टोकाला सरकून ऐकत होत्या. त्यांचं नाव आलं नाही. त्या पुन्हा मागं सरकल्या.

जज मॅडम तरुण होत्या, चष्म्याच्या. उर्वशीकडून पांढऱ्या मिशांचे एक वकील उभे राहिले. त्यांनी अर्जाची प्रत दोन बोटांनी उचलून धरली आणि पहिल्यांदा त्या डागांबद्दलच बोलले. "मॅडम, हे काय आहे ते मी कोर्टात सांगू शकत नाही."

"शेन हाय साहेब," भागीरथाबाई मागून म्हणाल्या. "गाईचं. सारवत होती."

मॅडमनी मान खाली घातली. हसत होत्या की वाचत होत्या, मला दिसलं नाही.

मग ते वकील म्हणाले की अर्जदार शपथेवर लिहितात, चिठ्ठी काढताना लबाडी झाली हे मी स्वतः पाहिलं. "बाई, चिठ्ठी काढली तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"महाकालीचा धावा."

"डोळे उघडे ठेवून?"

"उघड्या डोळ्यानं धावा करतेत का?"

"म्हणजे तुम्ही पाहिलं नाही."

भागीरथाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? देवाचं नाव घेताना डोळे मिटले म्हणून कोणाची केस कमजोर होते, हे माझ्या कोणत्याही पोथीत नव्हतं.

मग ते मुख्य मुद्द्यावर आले. तिसरी उमेदवार कमळाबाई हिला पार्टी केलं नाही, त्यामुळं अर्ज सुरुवातीलाच फेटाळावा. प्रफुल उभा राहिला, त्यानं नाव जोडण्याचा अर्ज दिला. नवखा होता, पण बोलला चांगलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि भागीरथाबाईंना पुढं बोलावलं.

"बाई, तिसऱ्या उमेदवाराचं नाव तुम्ही का दिलं नाही? विसरलात?"

खोटं बोलायला ही चांगली संधी होती. प्रफुलही डोळ्यांनी तेच सांगत होता. पण भागीरथाबाईंना खोटं बोलता येत नाही, त्यांना फक्त भांडता येतं.

"विसरली नाई, साहेब. ते माही इहीन हाय. माही पोरगी तिच्या घरी हाय, सातवा महिना. पोरीले घरी आनाचं हाय मले, ओटी भराची हाय. तिच्या दारात बेलिफ उभा करून मग पोरगी द्या म्हनून कोन्या तोंडानं जाऊ? आमच्यात इहिनीचा मान मोठा. चुकून पाय लागला तरी पाया पडतो आमी. तिच्यावर केस कशी करू? तिच्याशी भांडन नाई माहं. ते हाय तं माही पोरगी सुखात हाय."

कोर्टात कोणीतरी हसलं. पण कमळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

मॅडमनी अर्जाची पानं उलटली. मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या भावना मला समजल्या. पण कायद्यात इहिणीला वेगळी सूट नाही." आणि मग लिहून घ्यायला सांगू लागल्या. मी जवळ बसले होते, म्हणून ऐकू आलं. अर्जदारानं स्वतःला निवडून आल्याचं घोषित करायला सांगितलं आहे. कमळाबाई या रिंगणातल्या उमेदवार होत्या, त्यामुळं त्या या प्रकरणातल्या आवश्यक पक्षकार आहेत. त्यांच्याशिवाय हा अर्ज चालू शकत नाही. मुदत संपल्यावर ही उणीव भरून काढता येत नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येतो.

भागीरथाबाई तशाच उभ्या राहिल्या. प्रफुलनं हळूच त्यांचा हात धरून बाजूला आणलं.

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कमळाबाईंचा आवाज आला, कोर्टात बोलायचा नसतो तेवढा मोठा. "काय म्हटलं जजबाईनं? माह्याबिगर चालत नाई?"

पट्टेवाल्यानं त्यांना गप्प बसवलं. त्या गप्प बसल्या, पण चेहरा गप्प बसला नाही.

बाहेर कडुनिंबाखाली त्यांनी प्रफुलला गाठलं. "वकीलसाहेब, काय शब्द होता तो?"

"आवश्यक पक्षकार."

"आवश्यक!" कमळाबाई एकदा म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "आवश्यक! आइकलं का इहीनबाई? कोर्टानं लिहून देल्लं. मी नाई तं केस नाई. उर्वशी हाय, साहेब हाय, सगळे हाय, पर माह्याबिगर पान हालत नाई." मग प्रफुलला म्हणाल्या, "त्या कागदाची झेरॉक्स मले द्या एक. बचत गटात दाखवतो."

भागीरथाबाई कडुनिंबाच्या पारावर बसल्या होत्या. पाच वर्षांची मेंबरकी गेली होती, बोरिंगही गेली होती, आणि हिला झेरॉक्स पाहिजे होती. मला वाटलं आता भडका उडतो. मी मनातल्या मनात महाकालीला हात जोडले.

भागीरथाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "मग पोरगी धाडता का?"

कमळाबाई त्यांच्याजवळ पारावर बसल्या. "कोर्टात म्हटलं ना तुमी, की माह्याशी भांडन नाई."

"नाईच हाय."

"आन मी हाय तं पोरगी सुखात हाय."

"हाय ना."

"तं मंग बसमध्ये बोलू."

परतीच्या बसमध्ये दोघी एका सीटवर बसल्या. नानाजी आणि मी मागं. नाल्याच्या वळणाआधी गावात पोचायचं म्हणून ड्रायव्हर जोरात होता, आणि कमळाबाईंचं तोंड त्याहून जोरात. ओटीभरण भागीरथाबाईंच्याच घरी, मान्य. बाळंतपणही तिथंच, मान्य. "पर दिवस मी काढीन. मी आवश्यक हाय. शनिवारी करू."

मी आणि नानाजी एकदम ताठ झालो. भागीरथाबाई शनिवारी साधी विळीसुद्धा धार लावायला देत नाहीत. नानाजींनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मला पुढचं वाक्य पाठ होतं.

भागीरथाबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. पुढच्या सीटची दांडी धरली आणि म्हणाल्या, "मले... मान्य हाय."

नानाजींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेही दुसऱ्याला म्हटलेलं.

काल शनिवारी ओटी भरली. हिरवं लुगडं, पाच फळं, दिव्यानीच्या कपाळावर मळवट. अंगण तुळशीपासून फाटकापर्यंत एका दमात सारवलेलं, नानाजी सकाळपासून ओट्यावर. कमळाबाईंनी कोर्टाच्या कागदाची झेरॉक्स पिशवीत घालून आणली होती आणि ओटी भरायला आलेल्या प्रत्येक बाईला त्यातली ती ओळ बोट ठेवून दाखवली. उर्वशीसुद्धा आली, नारळ घेऊन. भागीरथाबाईंनी तिला पाट दिला, कपबशीत चहा दिला आणि म्हणाल्या, "पी, चिठ्ठीबाई. तुह्यासाठीच कपबशी काढली. आन पिऊन झालं का फाट्यावरची बोरिंग पाहून घे." उर्वशी पाहते म्हणाली. बोरिंग अजून बंदच आहे.

मी संध्याकाळी दिवा लावला. या वेळी एकच वात लावली. दिव्यानी माहेरच्या नव्या बाजेवर झोपली होती, आणि भागीरथाबाई तिच्या पायाशी बसून डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या तारखेशी भांडत होत्या.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं भागीरथाबाई तालुक्याच्या बाजारात चालल्या आहेत, बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक आणायला.